काकांच्या फुप्फुसाला फ्लू

संमतीपत्र मराठीतून समजावून सांगायचं होतं, म्हणून त्या दिवशी मला वॉर्डात पाठवलं. एरवी आम्हा लॅबवाल्यांना पेशंटचं तोंडही दिसत नाही. बर्फाचा डबा येतो, त्यावर फक्त कोड. काका बडोद्यातल्या दांडिया बाजारातले, बिडी सोडून बरीच वर्षं झालेली, फुप्फुसात छोटी गाठ. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या फुप्फुसाचा तुकडा घेऊन तुम्ही त्याला फ्लू देणार?"

"हो काका."

"मग इतकी वर्षं कुणाला देत होतात?"

आता काय सांगणार! कुत्र्याच्या मूत्रपिंडाला. एमडीसीके नावाच्या पेशी 1958 मध्ये एका कॉकर स्पॅनियलच्या मूत्रपिंडातून काढल्या, आणि फ्लूचा विषाणू आजही जगभर त्यांच्यात वाढवतात. करोनासाठी वापरतात त्या व्हेरो पेशी आफ्रिकेतल्या माकडाच्या, त्याही मूत्रपिंडाच्याच. शिवाय त्यांना इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्ध पेशी स्वतः सोडते ते प्रथिन, बनवताच येत नाही, म्हणजे विषाणूला घरात अडवणारं कुणी नाही. विषाणू वाढवायला उत्तम, पण छातीत नेमकं काय घडतं हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. काका हसले. "कुत्र्यापेक्षा मी बरा," म्हणत सही केली.

ऑपरेशन लांबलं. तुकडा हाती येईपर्यंत बाकीचे सेवउसळ खाऊनही आले होते. गाठ आणि कडा पॅथॉलॉजिस्ट आपल्याकडे ठेवते. गाठीपासून लांबचा, तिला नको असलेला भाग आमचा. हवा गेलेलं फुप्फुस हातात अगदी लुळं पडतं. वर काळ्या रेघांची जाळी होती. ती बिडीची आणि धुराची, शहरात राहणाऱ्या बहुतेकांच्यात थोडीफार सापडतेच.

असं लुळं फुप्फुस कापता येत नाही. म्हणून कापलेल्या कडेवर एखादी श्वासनलिका शोधायची, तिच्यात कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, घालायची आणि कोमट, पातळ आगारोज (गार झाल्यावर जेलीसारखं घट्ट होतं ते) हळूहळू आत सोडायचं. ते दुसऱ्या नळ्यांतून गळतं, चिमटे लावत बसावं लागतं. पण भरलं की तुकडा डोळ्यांदेखत फुगतो, पुन्हा फुप्फुसासारखा दिसायला लागतो. मला या कामातलं हेच सगळ्यात आवडतं. मग बर्फावर घट्ट करायचं आणि व्हायब्रेटोमच्या थरथरत्या पात्यानं साधारण 300 मायक्रॉनचे काप काढायचे. एक वायुकोश, म्हणजे फुप्फुसातला हवेचा फुगा, सुमारे 200 मायक्रॉनचा, म्हणजे कापात जेमतेम एक-दीड थर.

काप इनक्युबेटरमध्ये ठेवून, मीडियम, म्हणजे पेशींना जगवणारं द्रव, पुन्हा पुन्हा बदलून आगारोज धुऊन काढलं. मग मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर श्वासनलिकेच्या कडेला सिलिया, पेशींवरचे सूक्ष्म केस, सपासप हलत होत्या. ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं, काका वॉर्डात कण्हत पडलेले, आणि इथे त्यांच्या सिलिया कफ बाहेर ढकलायच्या कामावर हजर!

2009 च्या साथीतला एच१एन१ फ्लू विषाणू कापांवर घातला. दुसऱ्या दिवशी काप रंगवले: विषाणूचं प्रथिन हिरवं, टाइप-२ पेशी लाल. कुत्र्याच्या पेशींत अख्खी ताटली हिरवी होते. इथे ठिपके होते, तेही विखुरलेले, आणि जवळजवळ प्रत्येक हिरवा ठिपका लाल पेशीवर. वायुकोशाचा सुमारे 95 टक्के पृष्ठभाग झाकणाऱ्या चपट्या टाइप-१ पेशी बहुतेक मोकळ्याच. विषाणूनं धरल्या त्या टाइप-२, म्हणजे सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा थर बनवून वायुकोश मिटू न देणाऱ्या पेशी. वाचलेलं होतं सगळं, पण ओळखीच्या माणसाच्या फुप्फुसात ते बघताना पोटात कसंतरी झालं. अशाच मानवी ऊतीवर हाँगकाँग विद्यापीठात 2021 मध्ये दिसलं होतं, की करोनाचा ओमिक्रॉन श्वासनलिकेत डेल्टापेक्षा सुमारे 70 पट वाढतो आणि खाली फुप्फुसात मात्र मंदावतो. एका जातीच्या पेशींच्या ताटलीत हा फरक कुठून दिसणार?

काका फॉलो-अपला आले तेव्हा मला बोलावून घेतलं. "काय गं, माझ्या तुकड्याचं काय झालं?"

"फ्लू झाला, काका."

"मग औषध दिलंत की नाही?"

दिलं होतं, काही कापांना. पण मेडिकलमध्ये मिळणारं फ्लूचं औषध, ओसेल्टामिविर, जसंच्या तसं नाही. ते मुख्यतः यकृतात गेल्यावर कामाचं होतं आणि आमच्या ताटलीत यकृत नाही, म्हणून त्याचं आधीच कामाचं झालेलं रूप, कार्बोक्झिलेट, घालावं लागतं. विषाणू पेशीत शिरतो त्याला ते अडवत नाही, नवे विषाणू पेशीपासून सुटतात ते थांबवतं. म्हणून औषध दिलेल्या कापांतही हिरवे ठिपके होतेच, मीडियममध्ये सुटलेला विषाणू मात्र बराच कमी भरला.

काकांनी विचार केला. "म्हणजे चोर आत शिरलाच, तुम्ही बाहेरून कडी घातलीत."

"तसंच. म्हणून गोळी लवकर घ्यावी लागते, पहिल्या 48 तासांत."

"आणि शिरूच नये म्हणून?"

फ्लूची लस, दरवर्षी, कारण विषाणू बदलत राहतो. पण ऑपरेशननंतर कधी घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, असं मी म्हटलं, तर काकूंनी पिशवीतून वही काढून तिथल्या तिथे लिहून घेतलं.