आधी दारू सोडा, मग या : माझा अनुभव

माझ्या भावाला दारूचं व्यसन आणि डिप्रेशन, दोन्ही. आधी काय आलं ते आम्हालाही सांगता येणार नाही. मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो तर म्हणाले, पिणं चालू असताना डिप्रेशनचं निदान होत नाही, आधी दारू सोडा, मग या. व्यसनमुक्ती केंद्रात गेलो, तिथे आत्महत्येचे विचार येतात का या प्रश्नाला त्याने खरं उत्तर दिलं, तर असे पेशंट आम्ही ठेवत नाही, मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र आणा. पत्रासाठी परत ओपीडीत, तर पिणाऱ्याला पत्र कसं देणार!

राग याचा येतो की त्यांचं अर्धं खरं आहे. दारूमुळे आलेली उदासी पिणं थांबल्यावर बऱ्याच जणांची दोन-चार आठवड्यांत ओसरते. पण तेवढे आठवडे काढायलाच तर मदत हवी ना, आणि जीव द्यायचे विचार असलेल्या माणसाला तोपर्यंत कुणाच्या भरवशावर सोडायचं? शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या २ दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास, बरळणं सुरू होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. 'सोडून या' म्हणणाऱ्या एकानेही हे सांगितलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या एमएचगॅप या मानसिक आरोग्य कार्यक्रमात डिप्रेशन आणि दारू एकाच यादीत आहेत, मग खिडक्या वेगळ्या कशाला?

शेवटी ज्या सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रात काम झालं तिथे एकाच नर्सने ऑडिट या दारूच्या सवयी तपासणाऱ्या चाचणीचे १० प्रश्नही विचारले आणि झोप, मूड, मरणाचे विचार हेही, सगळं एकाच फाइलमध्ये. देखरेखीखाली डिटॉक्स (म्हणजे दारू सुरक्षितपणे बंद करणं), थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), मग तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन हे औषध, डिप्रेशनची गोळी, काउन्सेलिंग, सगळं तिथूनच. भाऊ आता स्वतःहून फॉलोअपला जातो, याचा मला फार अभिमान आहे.

जायच्या आधी फोनवर एकच विचारा, व्यसन आणि मानसिक आजार दोन्ही एकत्र बघता का. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. शेवटचं कधी आणि किती प्यायलाय ते लिहून न्या, डिटॉक्सचे डॉक्टर पहिलं तेच विचारतात. आणि हो, नाल्ट्रेक्सोनच्या आधी लिव्हरची टेस्ट करतात, ट्रामाडोलसारखी ओपिऑइड (अफूच्या गटातली) पेनकिलर चालू असेल तर तेव्हाच सांगा. आत्महत्येचं बोलत असेल तर मात्र पत्राबित्राच्या नादी लागू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.