माझ्या अल्ट्रामरीनच्या चुका कुणी काढल्या

‘वॉरहॅमर’ या टेबलावर खेळायच्या युद्धखेळातला पहिला स्पेस मरीन, म्हणजे निळ्या चिलखताच्या अल्ट्रामरीन दलाचा चिमुकला सैनिक, रंगवून झाला तेव्हा त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे आले. आईने लिहिलं, ‘छान झालाय, पण डोळ्यांना ताण देऊ नकोस.’ दुसऱ्याला तसंच, पाचव्याला तसंच. सहा महिन्यांत दहा जणांची तुकडी पूर्ण झाली आणि एका रात्री मी पहिला आणि दहावा शेजारी ठेवून पाहिले. दोघांत काहीच फरक नव्हता. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, कारण या कामावर माझा मनापासून जीव आहे.

मी मूळचा पेणचा. नोकरीमुळे दोन वर्षांपासून नॉटिंगहॅमला आहे. ‘वॉरहॅमर’ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय याच शहरात, लेंटन भागात आहे. त्याला लागूनच वॉरहॅमर वर्ल्डचं प्रदर्शन. तिथे काचेमागे अंगठ्याएवढे योद्धे पाहिले आणि परत येताना इंटरसेसर्सची (स्पेस मरीनच्या एका तुकडीची) पेटी घेऊनच आलो. ३२ मिलिमीटरच्या चकतीवर उभा राहणारा प्लॅस्टिकचा सैनिक, आणि त्याच्या खांद्यावरच्या चिलखताची कड केसाएवढी. पेटीवरचा नमुना कंपनीच्या ‘एव्ही मेटल’ चमूने रंगवलेला असतो. माझा तसा का दिसत नाही, एवढंच मला हवं होतं.

दर गुरुवारी एका सभागृहात जमणाऱ्या क्लबमध्ये मी दहाही जण घेऊन गेलो आणि टेबलावर मांडून विचारलं, ‘कसे झालेत?’ सगळे म्हणाले, ‘लव्हली.’ इथली माणसं सभ्य आहेत, नवख्याच्या कामाला तोंडावर नावं ठेवत नाहीत. शिवाय खेळापुरतं पाहिलं तर माझं काम चालणारं होतंच. स्पर्धेच्या सामन्यात पूर्ण रंगवलेल्या सैन्याला शंभरातले १० गुण मिळतात, तेवढे मलाही मिळाले असते.

कोपऱ्यात बसलेले एक गृहस्थ मात्र काहीच बोलले नव्हते. सत्तरीकडे झुकलेले, १९८० च्या दशकात मिनिएचर धातूच्या यायच्या तेव्हापासून रंगवणारे. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘तुझ्या मनात काय होतं, आणि त्यातलं काय उतरलं नाही?’

मला उत्तर देता आलं नाही. तो आठवडा मी त्या प्रश्नावरच घालवला. पुढच्या गुरुवारी दहाऐवजी तीनच नेले, पहिला, पाचवा आणि दहावा. सोबत पेटीवरचं चित्र आणि चिठ्ठीवर एकच वाक्य: ‘हातभर अंतरावरून माझं निळं चिलखत सपाट का दिसतं?’

यावर ते वीस मिनिटं बोलले. आधी हात लांब करून पाहिलं, मग मरीन उलटा केला, मग स्वतःच्या पिशवीतला पांढरा दिवा लावला. पहिली गोष्ट त्यांनी दाखवली ती छातीवरच्या गरुडाची. त्याच्या पंखांच्या रेघाच बुजल्या होत्या, कारण मी मॅक्रॅग ब्लू हा चिलखताचा निळा रंग डबीतून थेट लावत होतो. रंग दुधाइतका पातळ हवा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर हवेत. दुसरं, नल्न ऑइलचा वॉश, म्हणजे सावलीसाठीचा पाण्यासारखा काळा रंग, मी अंगभर फासला होता, त्यामुळे सपाट भागावर वाळलेल्या चहासारखे डाग पडले होते. तो फक्त खाचांत, टोकदार ब्रशने भरायचा. तिसरं दाखवण्यासाठी त्यांनी माझाच फोन मागितला, फोटो काढला आणि त्यातला रंग काढून टाकला. कृष्णधवल फोटोत माझा मरीन डोक्यापासून पायापर्यंत एकाच करड्या छटेचा होता. कडांवर कॅल्गर ब्लू या उजळ निळ्याच्या रेघा मी मारल्या होत्या, पण इतक्या भीतभीत की उजेड-सावलीचा फरक उरलाच नव्हता.

‘अजून काय?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘अजून बरंच आहे, पण आज नाही. तीन पुरेत.’

तेव्हा मला ते थोडं लागलं. आज वाटतं, त्यांनी एकदम दहा चुका सांगितल्या असत्या तर मी एकही सुधारली नसती. पुढे हे मी प्रत्यक्ष भोगलंही. क्लबमधल्या दोघांनी आपापले सल्ले दिले, एक म्हणाला ड्रायब्रश कर, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरव, दुसरा म्हणाला कडांच्या रेघा सोडून छटा एकमेकींत मिसळ. मी एकाच शनिवार-रविवारी दोन्ही केलं आणि अकरावा मरीन पार चिखल झाला. चूक त्यांची नव्हती. दोघांची शैली वेगळी आणि मला हवी असलेली तिसरीच, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आता विचारताना पेटीवरचं चित्र पुढे ठेवतो.

अकरावा मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून पुन्हा कोरा केला. पहिल्यालाही धुणार होतो, पण आजोबांनी (कोपऱ्यातल्या त्या गृहस्थांना मनातल्या मनात मी आजोबाच म्हणतो) अडवलं. ‘तो तसाच ठेव, मोजायला लागेल.’ खोलीतला पिवळा बल्ब काढून दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा आणला. चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर, असा वेट पॅलेट घरीच केला. त्यावर पातळ केलेला रंग तासन्‌तास वाळत नाही. बाराव्याला दोन संध्याकाळी जास्त लागल्या आणि गरुडाचे पंख मोजता आले.

चेहऱ्याचं मात्र क्लबमध्येही जमेना. तुकडीचा नायक असलेल्या माझ्या सार्जंटला शिरस्त्राण नव्हतं. कातडीसाठी कॅडियन फ्लेशटोन हा रंग, वर राइकलँड वॉश, उजळ भागांवर फिकट किस्लेव्ह फ्लेश, इथवर ठीक होतं. डोळे रंगवले की तो दचकल्यासारखा दिसायचा. तीनदा पुसून काढले. मग एका रविवारी सकाळी दहाला मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेतीन वाजले होते, मामा कारखान्यातच होता. पेणला गणपतीचं काम वर्षभर चालतं. अंगाचा रंग कॉम्प्रेसरने मारतात, पण डोळ्यांची आखणी आजही हातानेच. मामाची त्यात हयात गेली.

फोटो त्याने मोठा करून पाहिला. तो काय आहे, कोणाशी लढतो, काही विचारलं नाही. म्हणाला, ‘अरे, बुबुळ मधोमध का ठेवलंस? वरच्या पापणीला टेकव, थोडं झाकू दे. चारी बाजूंनी पांढरं दिसलं की कुठलाही चेहरा घाबरलेला दिसतो. आणि पहिली रेघ पापणीची मार, पांढरं मागून.’ मग म्हणाला, ‘हात दाखव.’ मी ब्रश धरून कॅमेऱ्यासमोर बसलो. ‘करंगळी टेकलेली नाही तुझी. दोन्ही मनगटं एकमेकांना लाव. श्वास सोड, मग रेघ मार.’

ज्याने चार फुटी मूर्तीचे डोळे आखले, तो मिलिमीटरभर डोळ्याबद्दल बोलत होता आणि शब्दन्‌शब्द लागू पडत होता. लहानपणी त्याच्या शेजारी बसून मी हे कितीदा पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या प्रयत्नात बुबुळ ठिपक्याऐवजी उभ्या बारीक रेघेसारखं काढलं, वरच्या पापणीला टेकवून, किंचित डावीकडे. सार्जंट डावीकडे बघू लागला. मामाला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, ‘उजवा ठीक. डाव्याची पापणी जाड झाली.’ अंगठा नाही, ‘छान’ नाही. मी तो मेसेज दोनदा वाचला आणि लगेच ब्रश धुतला.

गुरुवारी सार्जंट आणि तो न धुतलेला पहिला मरीन, दोघे क्लबमध्ये शेजारी उभे केले. आजोबांनी पुन्हा हात लांब केला, फोनवर कृष्णधवल फोटो काढला. या वेळी खांदे आणि गुडघे उजळ होते, काखा काळ्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि सार्जंट उलटा करून साच्याची एक रेघ दाखवली. पायाच्या पोटरीवर, खरवडायची राहून गेलेली. प्रायमर मारण्याआधीच ती पाहायला हवी होती. पुढच्या पेटीतले पाच जण आता टेबलावर सुटे पडले आहेत, आणि मी पातं घेऊन एकेकाची पोटरी तपासतो आहे.