घास धरला माझ्या टँकमधल्या प्रवाळानं!

रात्री साडेदहाला टँकचे पंप बंद केले आणि पिपेटमधून कोळंबीचा बारीकसा कण सोडला. गेले सहा आठवडे तो नुसता वाहून जायचा. आज एका सोंडेनं तो धरला. मग शेजारच्या दुसरीनं. हळूहळू, अगदी तोंडापर्यंत. मी काचेला नाक लावून बसले होते.

हीटर अडकला आणि पाणी ३१ अंशांवर गेलं, तेव्हा हे हॅमर कोरल जातीचं प्रवाळ पांढरंफटक पडलं होतं. आईनं रत्नागिरीहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं नि म्हणाली, "अगं, मेलेल्या दगडाला काय भरवतेस?"

तेच वाक्य सलत राहिलं. कारण पांढरं कोरल मेलेलं नसतं, उपाशी असतं. उष्णता सोसेना की ते अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. रंग त्या शेवाळाचा, आणि बरंचसं अन्नही तेच पुरवतं. म्हणून दिवे मंद ठेवले, पाणी २५-२६ अंशांवर आणलं, आणि एक दिवसाआड हा घास.

आज देठाजवळ तपकिरी झाक दिसतेय. नखाएवढीच, पण आहे.

२०२४ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली. समुद्र तापल्यानं. माझ्या टँकचा हीटर मी बदलला. तिथं काय बदलणार?

आईला फोटो पाठवला. इथे न्यू जर्सीत रात्र, तिकडे सकाळ. लगेच उत्तर आलं, "जेवलं का गं ते?"