चाळीस अंशांचा फरक

आमच्या ह्यांनी स्कॉटलंडचा पहिला आराखडा टॉवेलच्या ऑर्डरबुकच्या मागच्या पानावर केला. इन्व्हर्नेसहून निघायचं, उत्तरेच्या किनाऱ्यानं गोल फिरून परत इन्व्हर्नेस. ५१६ मैल, म्हणजे साधारण ८३० किलोमीटर. 'नॉर्थ कोस्ट ५००' या नावानं हा रस्ता २०१५ पासून गाजतोय. "चार दिवस पुष्कळ झाले," हे म्हणाले.

मला आमचं दरवर्षीचं देवदर्शन आठवलं. पहाटे तुळजापूर, मग अक्कलकोट, उन्हात गाणगापूर आणि 'जमलंच तर' पंढरपूर. गाडीभाडं वसूल! लक्षात काय राहिलं? पार्किंगमधली धूळ आणि मागच्या सीटवर उलट्या करणारी पुतणी.

"अहो, गाडी मी चालवणार ना? मग रस्ताही मीच ठरवणार." मी पंचेचाळिसाव्या वर्षी विजापूर रोडवर गाडी शिकले, आणि घरात ट्रकमागे न चिडता थांबू शकणारी मी एकटीच आहे. पान फाडलं.

आता आठ रात्री आहेत आणि मुक्काम तीनच. एक रात्र इन्व्हर्नेस, चार उल्लापूलला, तीन पूल-यूला. इन्व्हर्नेस ते उल्लापूल जेमतेम नव्वद किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. लेक ग्लासगोहून फोनवर म्हणाली, "आई, चार रात्री त्या एवढ्याशा गावात करणार काय?" उल्लापूल खरंच एवढंसं आहे. १७८८ साली हेरिंग माशांच्या धंद्यासाठी मुद्दाम वसवलेलं बंदर. पण मी सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, आणि गावाच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर नॉकन क्रॅग नावाचा कडा आहे. तिथं खाली सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आणि त्याच्या डोक्यावर १०० कोटी वर्षांचा थर. जुना वर, नवा खाली! भूखंडं एकमेकांवर आदळली तेव्हा तो थर सरकत येऊन वर बसला. फळ्यावर खडूनं बाण काढून हे कितीदा सांगितलंय. आता त्या सांध्यावर बोट ठेवायचंय, आणि त्यासाठी अर्धा दिवस लागला तर लागू दे. आपल्याकडे सगळा काळा पाषाण. त्यात असले घोळ नाहीत.

पूल-यूची ओढ मात्र बागेची. इन्व्हरयू. १८६२ मध्ये ऑसगुड मॅकेन्झी नावाच्या गृहस्थानं उघड्या खडकाळ भूशिरावर टोपल्यांनी माती आणून ती उभी करायला घेतली. आज तिथं निलगिरी आहे, वृक्षनेचे आहेत. जागा ५७.८ उत्तर अक्षांशावर, सोलापूर १७.७ वर. तेवढ्याच अक्षांशावर पलीकडे कॅनडाचा लॅब्राडोर हिवाळ्यात गोठून पडतो, आणि इथं अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे झाडं तग धरतात. आम्हा सोलापूरकरांना चाळीस अंश म्हटलं की एप्रिलची दुपारच आठवते. हे चाळीस अंश वेगळे.

बेलाख ना बा या घाटावरून अजून भांडण चालू आहे. ६२६ मीटर उंची, नागमोडी वळणं, पायथ्यालाच 'शिकाऊ चालकांनी जाऊ नये' अशी पाटी. ह्यांना जायचंय. मी म्हटलं, त्या दिवशी ढग नसतील तर बघू.

परवान्याचं सोपं आहे, आपला भारतीय परवाना तिथं बारा महिने चालतो. स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडून, पाट्या मात्र मैलांत. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आमच्या सोलापुरात सात रस्ता चौकात जो आधी हॉर्न वाजवेल तो आधी जातो, त्यामुळे हे मी ह्यांच्याकडून पाठ करून घेतलंय. बाजूला बसून ओरडायचं काम त्यांच्याकडेच असणार.

खरी परीक्षा एकपदरी रस्त्यांची. समोरून गाडी आली की थांबायला ठरावीक अंतरावर रुंद जागा केलेल्या असतात. ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याला आत येऊ द्यायचं. मागच्याला घाई असेल तर त्यालाही पुढे सोडायचं. आणि हात वर करून आभार मानायचे, हॉर्न नाही.

सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधायला घेतलीय. पेढ्यांवरून त्या रुसल्या, कारण इथून दुधाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे. "देवाचा प्रसाद आहे, त्याला कोण अडवतंय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबा गुपचूप फ्रिजमध्ये ठेवला.

गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर एका रविवारी सराव म्हणून मंगळवेढ्याकडे एका शेतरस्त्यावर गाडी घातली. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर समोरून आला. मी बांधाशी रुंद जागा बघून शिस्तीत डावीकडे घेतली, थांबले, आणि तो शेजारून जाताना काचेतून हात वर केला. त्यानं करकचून ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, खाली वाकून विचारलं, "काय झालं ताई, वाट चुकलाव का?"