पाणी, लाकूड आणि मी

जंगलाच्या कडेला छोटं घर, थोडी जमीन, उतारावर झरा. नोकरी सोडून तिथं राहायला गेलो तेव्हा वाटत होतं, आता दिवस आपल्या हातात. पहिल्याच आठवड्यात तो पाण्यामागं निघून गेला.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं. कितीही काटकसर केली तरी मला दिवसाला २० लिटर लागायचंच. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे डबे घेऊन दोन खेपा, आणि भरलेले डबे आणायचे ते चढावरून. कपडे धुवायचे असले की पाच खेपा. पाणी नितळ असलं तरी तसंच प्यायचं नाही. खळखळून उकळी फुटली की निदान एक मिनिट उकळू द्यायचं. त्यासाठी लाकूड हवं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं, ते नुसतं धुमसतं. फोडून, वारा खेळेल असं रचून सहा महिने तरी वाळवायला हवं, बरंचसं लाकूड त्याहूनही जास्त. म्हणजे माझी तयारी मी येण्याच्या आधीच्या वर्षी सुरू व्हायला हवी होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

धान्याचं गणित वहीत मांडलं. रोजच्या साधारण २००० कॅलरी, किलोभर धान्यात ३४००-३५००. नुसत्या धान्यावर राहायचं म्हटलं तरी वर्षाला २०० किलोंच्या वर. माझ्या पहिल्या हंगामाचं तीन आठवड्यांत संपलं. पुढचं विकत आणलं.

पावसाळ्यानं मात्र हात दिला. छपराच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. माझं छप्पर ३० चौरस मीटरचं. पन्हळ लावली, पहिल्या सरींचं पाणी सोडून दिलं आणि टाकी भरू लागली. पण पन्हळ, टाकी, कुऱ्हाड, बियाणं, यातलं काहीच मी घडवलेलं नव्हतं. ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द मी तेव्हापासून वापरत नाही.

हिवाळ्यात टाकी आटल्यावर तापानं तीन दिवस पडून होतो. घरातलं पाणी दुसऱ्या दिवशी संपलं. तिसऱ्या सकाळी दार उघडलं, तर पायरीवर भरलेले दोन डबे. पलीकडच्या घरातल्या काकूंना माझ्या चुलीचा धूर दिसला नव्हता.

बरा झालो तसा त्यांची लाकडं फोडायला गेलो. आता दर आठवड्याला जातो.