पाच हातांचा कार्बन

परवा दुपारी विम्याच्या कामासाठी फोन लावला होता. पलीकडच्या बाईंनी ‘एक मिनिट हं’ म्हणून जे संगीत लावून दिलं, ते वीस मिनिटं चाललं. फोन ठेवला तेव्हा समोरच्या वीजबिलाची पाठ षटकोनांनी भरून गेली होती. एकाला एक चिकटलेले, आत एकाआड एक दुहेरी रेघा. त्यातल्या एकाच्या डोक्यावर तर मी चक्क ‘ओएच’ लिहिलं होतं. म्हणजे फिनॉल.

“मधमाश्यांचं पोळं का गं?” चिरंजीवांनी विचारलं.

बीएस्सी होऊन तेहतीस वर्षं झाली. त्यानंतरचं सगळं आयुष्य बँकेत गेलं. परीक्षानळी पुन्हा हातात धरली नाही. डोक्यातून ऑरगॅनिक केमिस्ट्री कधीच पुसली गेलीय, पण हाताला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

बेंझीन म्हणजे सहा कार्बनचं कडं. त्याच्या षटकोनात दुहेरी रेघा न काढता नुसता एक गोल काढून मोकळी होणारी माणसं मला आजही आळशी वाटतात. गोल जास्त बरोबर आहे, ते इलेक्ट्रॉन सगळ्या कड्यात सारखे पसरलेले असतात, हे मला तेव्हाही सांगितलं होतं. असतील. पण तीन रेघा नीट काढायला कितीसा वेळ लागतो?

वाईहून साताऱ्याला पहाटेच्या एसटीने जायचं, दुपारी प्रॅक्टिकल, अंधार पडता पडता घरी. आईने एकदा माझी वही उघडली आणि म्हणाली, “ही तर दोन-तीन-दोनची रांगोळी. मधला ठिपका राहिलाय.” श्रावणात ती अंगणात सात-चारची काढायची. चार, पाच, सहा, सात आणि परत उतरत चार. एकही ठिपका चुकायचा नाही. “एवढ्यावर नापास कशी होतेस?” हा तिचा प्रश्न रास्तच होता.

नापास व्हायची कारणं दोन. पहिलं, बाण. अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते वाकड्या बाणांनी दाखवायचं असतं. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून निघायचं, ज्याला हवेत त्याच्यापाशी पोचायचं. माझे बाण नेमके उलटे. सर म्हणाले, “बाई, भिकाऱ्याने सावकाराला कर्ज दिलंय इथे.” वर्ग हसला. पुढे नोकरीत तशीही कर्जं पाहिली, तो भाग वेगळा.

दुसरं कारण पाचवा हात. सरांचं पहिल्या तासाचं ठरलेलं वाक्य होतं, “कार्बन जन्मतःच चतुर्भुज, त्याला लग्नाची वाट बघावी लागत नाही.” हे ऐकून मुलं बाकं वाजवायची आणि आम्ही मुली वहीत डोकं घालायचो. चार बंध, ना कमी ना जास्त. एवढं एक लक्षात ठेवायचं, तर मी घाईघाईत एकेका कार्बनला पाच रेघा जोडून द्यायची. चाचणीचा पेपर परत आला तेव्हा अशा एका कार्बनभोवती लाल वर्तुळ होतं आणि शेजारी लिहिलं होतं, ‘हे कोणतं दैवत?’

थिअरीत अशी आरती, पण प्रॅक्टिकलला मी हुशार. कारण नाक. आणि मामा.

लॅबमधले मामा कॉलेजच्या इमारतीइतकेच जुने. बाटल्या भरणं, बर्नरच्या नळ्या सारख्या करणं, फुटलेल्या काचेचा हिशेब ठेवणं. बोलणं कमी. परीक्षेत प्रत्येकीला एक निनावी पदार्थ मिळायचा आणि तो ओळखायचा असायचा. खरी रीत म्हणजे आधी लासेनची चाचणी. रॉकेलमधला सोडियमचा तुकडा टिपकागदावर कोरडा करायचा, पदार्थाबरोबर इग्निशन ट्यूबमध्ये लाल होईस्तो तापवायचा आणि ती नळी तशीच पाण्यात सोडायची. फट्! नळी फुटायची, निम्म्या मुली किंचाळायच्या. मग ते पाणी उकळून गाळून नायट्रोजन आहे का, गंधक आहे का, हॅलोजन आहे का ते बघायचं. नायट्रोजन असला की निळा रंग येतो, नवऱ्या मुलीच्या शालूला शोभेल असा.

शेवटच्या वर्षी मला पांढरे चकचकीत पापुद्रे आले. हात थरथरत होते. मामा माझ्या बर्नरची नळी बसवायला वाकले आणि माझ्याकडे न बघता पुटपुटले, “आईची ट्रंक.”

वास घेतला. डांबरगोळी! नॅप्थॅलिन. दोन षटकोन, एक भिंत सामाईक. आमच्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे.

मग काय, उत्तर हातात घेऊन मी उलटी चालत गेले. जळताना काजळी: होय. नायट्रोजन: नाही. गंधक: नाही. हॅलोजन: नाही. द्रवणांक: ८० अंश. पिक्रिक ॲसिडबरोबर पिवळे स्फटिक: मिळाले. सगळं सुवाच्य अक्षरात. यातली काजळी तेवढी खरी पाहिलेली. एक्स्टर्नल आले, वही चाळली, म्हणाले, “लासेनचं पाणी दाखवा.”

“संपलं सर.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, वॉचग्लास नाकापाशी नेला आणि सही केली. त्यांच्याही घरी ट्रंक असणार.

असं उलटं लिहिण्याबद्दल मला फारशी लाज वाटत नाही, कारण ज्याच्यामुळे हे षटकोन आमच्या गळ्यात पडले त्या केकुलेने तरी काय केलं? बेंझीनचं कडं त्याने मांडलं १८६५ साली. आपल्याला शेकोटीपाशी डुलकी लागली आणि स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप दिसला, ही गोष्ट मात्र त्याने जाहीरपणे सांगितली १८९० मध्ये, बर्लिनच्या सत्काराच्या भाषणात. पंचवीस वर्षांनी! आम्ही दुपारच्या तासाला तीन वर्षं डुलक्या काढल्या, आम्हाला गांडूळही दिसलं नाही.

असो. सांगायचं होतं ते मामांच्या बोटांबद्दल.

मामांची बोटं पिवळी होती. पिवळी म्हणजे टोकाला गडद, तपकिरीकडे झुकणारी, नखांच्या कडेची कातडी सोललेली. तंबाखू, हे आमच्यात ठरूनच गेलं होतं. निरोपसमारंभाच्या दिवशी वर्गातल्या एका मुलाने लाडात येऊन मामांपुढे चुन्याची डबी धरली, तर ते म्हणाले, “नाही बाबा, मी कधी खाल्ली नाही.” त्यावर आम्ही हसलो. मामा काय लाजतात, असं वाटलं.

परवा बिलामागच्या त्या षटकोनांकडे बघताना मला दुसऱ्या वर्षाचा एक प्रयोग आठवला. अंड्याचा पांढरा बलक, त्यावर संहत नायट्रिक ॲसिड, जरा गरम करायचं, पिवळा रंग. प्रथिनांत बेंझीनची कडी असतात, ॲसिड त्यांना जाऊन चिकटतं म्हणून तो पिवळा. कातडीही प्रथिनच. अंडी मामांनी घरून आणली होती. ॲसिडही मोठ्या बाटलीतून छोट्या बाटल्यांत तेच भरून ठेवत, उघड्या हातांनी, दर सोमवारी.

त्या प्रयोगापुढे मी जर्नलमध्ये लिहिलं होतं, निरीक्षण: पिवळा रंग. निष्कर्ष: प्रथिन आहे. मामा तेव्हा माझ्या टेबलाशेजारीच उभे होते, पुढची बाटली भरत.