तुम्ही विचारलंत म्हणून: कप्तानांची कट्यार

सेंट पीटर्सबर्गला शिकत असताना मी एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचे. त्यांच्याबद्दल बोलताना त्यांच्या कपाटातल्या कट्यारीचा विषय निघाला, की पुढचा प्रश्न ठरलेला. "त्यांनी ती कधी वापरली का हो?" शाळकरी मुलं विचारतात, तशी चांगली जाणती माणसंही विचारतात. कुणावर चालवली का, असं त्यांना म्हणायचं असतं. नाही, कधीच नाही. पण एवढंच सांगून थांबावं असं मला वाटत नाही. त्या माणसाच्या आयुष्यात त्या कट्यारीला भरपूर काम होतं, आणि ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

रशियन नौदलात या कट्यारीला कोर्तिक म्हणतात. पातं २१५ मिलिमीटर, म्हणजे वीतभर. त्याचा छेद पत्त्यांतल्या चौकटीसारखा आणि दोन्ही कडा बोथट. मुळातच धार लावलेली नसते. मूठ पूर्वी हस्तिदंती असायची, सोव्हिएत काळात ती हस्तिदंती रंगाच्या प्लॅस्टिकची झाली. म्यान लाकडाचं, वरून काळं चामडं, त्यावर सोनेरी पट्ट्या. पट्टीवर एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला नांगर. कमरेला लटकवायच्या चामडी पट्ट्यांच्या बकलांवर सिंहाची तोंडं. मुठीजवळ एक छोटी कळ आहे, ती दाबल्याशिवाय पातं बाहेर येत नाही. १९४५ च्या सुधारणेत ही कळ बसवली. कप्तानांनी (नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायची तिकडची रीत, मी तशीच मारायचे, इथे मात्र कप्तान म्हणते) पहिल्यांदा ती माझ्या हातात दिली तेव्हा मी मूठ धरून ओढत बसले होते. त्यांनी माझा अंगठा उचलून त्या कळीवर ठेवला.

धार नाही तर मग हत्यार कसलं, हा पुढचा प्रश्न. एके काळी धार होती, आणि खरी गरजही होती. शत्रूच्या जहाजावर उडी मारून हातघाईची लढाई व्हायची, तेव्हा अरुंद जिन्यांत, दोरखंडांच्या गर्दीत लांब तलवार अडकायची. तिथे आखूड, सरळ, भोसकायला सोपं असं पातं हवं होतं. पुढे तोफांचा पल्ला वाढला, जहाजं एकमेकांना भिडेनाशी झाली, कट्यार मात्र कमरेलाच राहिली. १८०३ मध्ये रशियाने सगळ्या नौदल अधिकाऱ्यांसाठी आणि नौदल कॅडेट कोअरच्या विद्यार्थ्यांसाठी ती ठरवून दिली. १९१७ च्या क्रांतीनंतर ती गेली, विसाच्या दशकात थोडा काळ डोकावून पुन्हा गेली, आणि १९४० मध्ये सोव्हिएत नौदलाने ती कायमची परत आणली. झारचं जवळजवळ सगळं पुसून टाकणाऱ्या राज्याला ही एक वस्तू मात्र परत हवीशी वाटली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अधिकाऱ्याचं हत्यार काढून घेणं म्हणजे काय असतं, ते कप्तानांनी मला कोल्चाकच्या गोष्टीतून सांगितलं. १९१७ च्या उन्हाळ्यात सेवस्तोपोलच्या नौसैनिकांनी अधिकाऱ्यांनी हत्यारं खाली ठेवावीत अशी मागणी केली. काळ्या समुद्राच्या ताफ्याचा प्रमुख अ‍ॅडमिरल कोल्चाक याच्याकडे रशिया-जपान युद्धातल्या पोर्ट आर्थरच्या लढाईबद्दल मिळालेली सोनेरी तलवार होती. ती त्याने कुणाच्या हाती दिली नाही, जहाजावरून सरळ समुद्रात टाकली. हाच कोल्चाक पुढे बोल्शेविकांविरुद्ध लढला आणि १९२० मध्ये इर्कुत्स्कला गोळ्या घालून मारला गेला. आयुष्यभर कम्युनिस्ट पक्षाचे सभासद असलेले कप्तान ही गोष्ट सांगताना त्याची बाजू घेत नव्हते. तलवारीपुरतं मात्र त्यांचं मत स्पष्ट होतं: "मीही तेच केलं असतं."

आता कामाचं. कट्यारीवर क्रमांक असतो, आणि तो अधिकाऱ्याच्या ओळखपत्रात लिहिलेला असतो. पदवीच्या दिवशी लेफ्टनंटच्या खांदेपट्ट्यांबरोबर ती मिळते आणि ती एकदाच मिळते. कप्तान शिकले ते फ्रुंझे नौदल विद्यालयात, सेंट पीटर्सबर्गमधल्या वासिल्येव्स्की बेटावर, नेवा नदीच्या काठी. समोर क्रूझेन्श्टेर्नचा पुतळा आहे, जगाला प्रदक्षिणा घालणाऱ्या पहिल्या रशियन मोहिमेचा नायक. पदवीच्या आदल्या रात्री त्या पुतळ्याला प्रचंड मोठा पट्ट्यापट्ट्यांचा बनियन चढवायची मुलांची रीत आहे. संचलनात सगळे मिळून मूठभर चिल्लर हवेत उधळतात, तीही रीतच. कप्तानांना त्या दिवसाचं सगळं आठवायचं, पण सांगताना त्यांचा हात नकळत डाव्या कमरेकडे जायचा. कट्यार तिथेच लटकते.

उत्तरी ताफ्यात पाणबुडीवर असताना ती घरीच राहायची. त्या काळात तिची खरी राखणदार त्यांची पत्नी. बदली झाली की सामान बांधताना कट्यार शेवटी बांधायची आणि नव्या घरी पहिल्यांदा सोडायची, असा बाईंचा नियम होता. हुद्दा वाढला, खांद्यावरचे तारे बदलले, जहाजं बदलली, १९९१ मध्ये तर देशच बदलला. ओळखपत्रातला कट्यारीचा क्रमांक तोच. सेवेची पुरेशी वर्षं होऊन गणवेश घालायचा हक्क घेऊन निवृत्त झाल्यामुळे ती त्यांच्याकडेच राहिली, आणि जुलैच्या शेवटच्या रविवारी, नौदल दिनाला, ते ती लावून नदीवर जायचे.

आणि मग शहरातला उदेल्नायाचा जुन्या वस्तूंचा बाजार. नव्वदच्या दशकात पेन्शन महिनोन्‌महिने रखडायची, भाव रोज चढायचे, आणि लोक फरशीवर चादर अंथरून पदकं, टोप्या, दुर्बिणी, कट्यारी विकायला बसायचे. कप्तान मला तिथे घेऊन जायचे. विकत काहीच घ्यायचे नाहीत. कट्यार दिसली की उचलायची, चष्मा कपाळावर सारायचा, पात्याजवळचा क्रमांक वाचायचा, नीट ठेवून द्यायची. पुढची चादर. मला आधी वाटलं, किमतीचा अंदाज घेताहेत. विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या तुकडीला लागोपाठच्या क्रमांकांच्या मिळाल्या होत्या. कुणाची इथे आली असेल, तर त्याचं कसं चाललंय ते बघायला हवं."

एकदा सापडली. क्रमांक त्यांच्या क्रमांकाच्या अगदी शेजारचा. विकणाऱ्या पोराला काही माहीत नव्हतं, त्याने कुणाकडून तरी खोक्यासकट घेतली होती. कप्तानांनी तिथेच उभं राहून पदवीच्या दिवशीच्या रांगेतला क्रम मनाशी लावला आणि नाव काढलं. घरी येऊन त्या संध्याकाळी ते फोनवर बसले, या मित्राकडून त्या मित्राचा नंबर घेत. तो माणूस जिवंत होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहत होता. दुसऱ्या दिवशी कप्तान पिशवीत सॉसेज, चहा आणि बटाटे घेऊन गेले. कट्यारीचा विषय काढलाच नाही, असं नंतर म्हणाले. पुढे दर महिन्याला जायचे.

वापरली का, असं कुणी विचारलं की मी हे सांगते.

तिचा अखेरचा वापरही नियमात ठरलेला आहे. अधिकाऱ्याच्या शवपेटीच्या झाकणावर टोपी, आणि कट्यार व म्यान एकमेकांवर आडवी. कप्तान गेले तेव्हा मी इथे होते. त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तसंच केलं होतं.

अशी एखादी कट्यार तुमच्या हाती आली तर माझी एकच विनंती. ब्रासो लावून चकचकीत करू नका. कप्तानांच्या म्यानाची अंगाकडची बाजू कोटावर घासून घासून फिकी झाली होती. घासून साफ केली तर घातलेल्या माणसाची ती खूण जाते. आणि क्रमांक लिहून ठेवा. ज्याने दिली त्याला मूळ मालकाचं नाव विचारा, त्याला ठाऊक असेल तोवर. बाजारात कट्यार आणि ओळखपत्र वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकतात. ती दोन्ही एकत्र मिळत असतील, तर एकत्रच घ्या.